उतारावरचा पाहुणा

१

केदिवोर नदीच्या उतारात पालथा पडलेला सापडला, तेव्हा त्याच्या अंगावर तलवार होती आणि ती म्यानातून हललेलीही नव्हती. पाणी तिथे घोट्याएवढे; माणसे तिथूनच पायी नदी ओलांडत. त्या पाण्यात कुणी बुडून मरत नाही, आणि तोही बुडून मेला नव्हता. पाठीत, डाव्या फऱ्याखाली, अरुंद पात्याची एकच जखम होती. नदीने ती इतकी स्वच्छ धुतली होती की ती जखम न वाटता घट्ट मिटून ठेवलेले तोंड वाटावे.

आता तो त्रेवान गढीच्या प्रार्थनाघरात दगडी ओट्यावर उताणा होता, आणि त्याच्या उशाशी पायन द कार्सेल उभा होता. गढी ज्यांची, त्या कार्सेल घराण्याचा हा धाकटा मुलगा. पॅरिसला शिकलेला, हेरफर्डच्या बिशपच्या दरबारात धर्मशास्त्राचा अर्थ लावणारा, काळ्या झग्यातला, सडपातळ, सावलीत उगवलेल्या रोपासारखा फिकट. थोरल्या भावाचा, वॉरिनचा, निरोप पोहोचताच तो निघाला होता.

"यात बघण्यासारखं काय आहे, धाकटे सरकार?" किल्लेदार ड्रोगो दारातूनच म्हणाला. प्रेताच्या जवळ यायचे तो टाळत होता. "माणूस आला, जेवला, उजेड असतानाच निघाला. उतारावर चुलतभावानं गाठला. वेल्श लोकांचं हे नेहमीचंच. बाप मेला की सगळ्या पोरांत जमीन वाटायची, आणि मग जन्मभर एकमेकांना मारून तीच जमीन पुन्हा गोळा करायची."

"त्या चुलतभावाला, रिद्देर्खला, कुठं धरलंत?"

"उतारावरच. झुंजुमुंजू होत होतं. प्रेताशेजारी उभा, हातात दोन घोड्यांचे लगाम."

"दोन?"

"एक त्याचा, एक मेलेल्याचा. खून करून घोडाही लाटायचा. काटकसरी माणसं आहेत."

पायन हसला नाही. परवा त्याच उतारावर सीमेचा दिवस भरायचा होता. अलीकडच्या काठावर कार्सेलचे लोक, पलीकडच्या काठावर केदिवोरचे. दोन मुलुखांच्या भांडणाचा निवाडा असाच होई, मध्ये वाहते पाणी ठेवून. कुणी मारले हे तिथे शपथेवर सांगायचे होते, आणि सांगणारा म्हणून दोन्ही काठांना मान्य झालेला माणूस एकच होता. पायन. बाप कार्सेलचा, फ्रेंच बोलणारा; आई पलीकडची, वेल्श. त्याने रिद्देर्खचे नाव घेतले की उतारावरच्या ॲश वृक्षाला दोर लागणार होता.

त्याने प्रेतावर वाकून पाहिले. तलवारीचा पट्टा वेल्श रीतीने खांद्यावरून घेऊन छातीवर बांधलेला होता. पट्टा सोडायला त्याने हात पुढे केला, आणि त्याच्या बोटांनी न चाचपता, न शोधता, गाठीखाली मुडपून लपवलेले टोक धरून ओढले. गाठ फुलासारखी सुटली.

पायन तसाच वाकलेला राहिला. बोटांना जे समजले होते ते डोक्यात यायला क्षणभर वेळ लागला. लहानपणी दर हिवाळ्यात त्याच्या हनुवटीखाली टोपीचे बंद असेच बांधले जात. मुलाच्या ओढण्याने सुटू नयेत म्हणून टोक आत मुडपून.

ती गाठ त्याच्या आईची होती.

२

"अहो, सासूबाईंनीच बांधून दिली तलवार," हॅविसवहिनी म्हणाली. "त्यात एवढं दचकायला काय झालं, भावजी?"

ती खिडकीशी बसून शिकारी कुत्रीचे कान विंचरत होती. समुद्रापलीकडच्या कॉनहून या घरात येऊन तिला फार दिवस झाले नव्हते, आणि इथल्या धुक्याविषयी, मटणाविषयी आणि माणसांविषयी ती अजून पाहुणीसारखी तक्रार करी.

"म्हणजे तो निघताना?"

"निघतानाच ना! मग कधी?" कंगवा थांबला आणि पुन्हा चालू लागला. "हे घरी नव्हते. हेरफर्डला गेलेले."

"ठाऊक आहे. त्या दिवशी दादा माझ्याच मेजावर जेवला."

"बघा! आणि इकडं माझ्या एकटीच्या गळ्यात तो केसाळ पाहुणा. पण आम्ही काही कमी केलं नाही हं. सगळं त्यांच्या रीतीनं. सासूबाईंचा हट्टच होता. दारातच त्यानं तलवार काढून त्यांच्या हातात दिली. मग सासूबाई परातीत ऊन पाणी घेऊन आल्या, आणि भावजी, गुडघ्यावर बसल्या! कार्सेल घराण्याची थोरली बाई, आणि सगळ्या नोकरांदेखत त्या माणसाचे पाय धुतेय. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"आणि त्यानं काय केलं?"

"काय करणार? हसला आणि पाय पुढं केले. राजाच जसा." तिने नाक मुरडले. "जेवला, आणि उजेड होता तोवर गेला. राहा म्हटलं, नाही म्हणाला."

पायनचे कान गरम झाले. वहिनीचा राग त्याला आला नाही. राग यावा इतकी ती त्याच्यापासून दूर नव्हती. गुडघ्यावर बसलेल्या आईचे चित्र डोळ्यांपुढे येताच जी लाज त्याला वाटली, तीच हॅविसलाही वाटली होती. पॅरिसला विद्यार्थी एकमेकांच्या आयांची थट्टा करीत, तेव्हा आपली आई फ्रान्समधल्या अंजू प्रांताची, असे तो सांगत असे. ते खोटे त्याने इतक्या सफाईने वापरले होते की पुढे पुढे त्याला तिथले द्राक्षमळेही आठवू लागले होते.

तरीही वहिनीच्या बोलण्यात काहीतरी खटकले होते. जिभेवर एखाद्या फळाची चव असावी आणि फळाचे नाव सुचू नये, तसे.

तो आईकडे गेला. ह्युनिद बुरुजाच्या खोलीत चातीवर लोकर कातत बसली होती. केदिवोर तिच्या सख्ख्या भावाचा मुलगा. त्याचे प्रेत आणल्यापासून ती कुणाशी एक शब्द बोललेली नव्हती.

"आई."

तिने वर पाहिले. चेहऱ्याकडे नव्हे, त्याच्या हातांकडे. उजव्या हाताच्या बोटांकडे ती बराच वेळ पाहत राहिली, जणू त्यांना काही विचारत होती. मग चाती पुन्हा फिरू लागली.

३

रिद्देर्खला मोठ्या बुरुजाच्या पोटातल्या कोठारात कोंडले होते. तिथे एरवी खारवलेले मासे ठेवीत.

"ये, आतेभाऊ," तो मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाला. "वासाचं मनावर घेऊ नकोस. तुमच्या घरचाच आहे."

"उतारावर काय करत होतास?"

"त्याला न्यायला आलो होतो. घोडा घेऊन."

"घोडा तुझ्याकडं कसा?"

"आदल्या दिवशी मीच त्याला तुमच्या दरवाजापर्यंत सोडलं आणि घोडा परत नेला. तुमच्या तबेल्यात गेलेला घोडा आमच्याकडं परत आलाय कधी?" तो दात दाखवून हसला, मग हसू ओसरले. "उजाडता उजाडता ये, म्हणाला होता. आलो. तर पाण्यात पडलेला."

"तू त्याचा वारस. तो मेला तर डोंगरापलीकडची चराई तुझी."

"आणि मी फासावर गेलो तर कुणाची?"

पायनला उत्तर ठाऊक होते. दोन्ही घरांत मागे उरतील ती लहान मुले. आणि सीमेवरच्या अज्ञान मुलांचा पालक, राजाने दिलेल्या हक्काने, त्रेवानचा धनी. म्हणजे वॉरिन.

"आपल्या भाषेत बोल ना," रिद्देर्ख अचानक म्हणाला. "आत्याच्या पोटचा तू. हा परका पाला किती वेळ चघळायला लावशील मला?"

"ती मला येत नाही."

"येत नाही, का लाज वाटते?"

वरच्या झरोक्यातून येणारी उजेडाची पट्टी दोघांच्या मध्ये पडली होती. तीत धूळ तरंगत होती. पायन त्या धुळीकडे पाहत राहिला.

"बरं, एवढंच सांग," रिद्देर्ख म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "तुमच्या घरी त्यानं पाय धुऊन घेतले?"

"हो. आईनंच धुतले. का?"

 भिंतीला पाठ टेकवून रिद्देर्ख हळूहळू खाली बसला, गुडघ्यांत डोके घातले, आणि तिथूनच, डोके न उचलता म्हणाला, "मग मला काही सांगायचं उरलं नाही. तू हे मला 'का' म्हणून विचारलंस ना, याची मला लाज वाटली. जा. वर जाऊन आठव."

४

आणि जिना चढताना त्याला ते आठवले.

मामाचे घर. लाकडी, बुटके, मधोमध चूल, धुराने काळवंडलेल्या तुळया. तो आणि वॉरिन आईच्या दोन्ही बाजूंना. दारात दोन अनोळखी माणसे येतात. आसरा कुणी मागत नाही, कुणी देऊ करत नाही. ते फक्त आपली हत्यारे घरच्यांच्या हाती देतात आणि बसतात. मग पाणी येते. एक जण हसून पाय बाकाखाली ओढून घेतो, आणि मुले हिरमुसतात. दुसरा पाय पुढे करतो, आणि मुले टाळ्या पिटतात. कारण तो राहणार! रात्री वीणा वाजणार, गोष्टी होणार.

पाय मागे घेतले, म्हणजे घासभर खाऊन पुढे जाणार. पाय धुऊ दिले, म्हणजे आजची रात्र तुमच्या छपराखाली. त्या डोंगरांत हे शब्दांनी कधी बोलत नसत. पाणीच बोले.

पायन जिन्यातच थांबला.

केदिवोरने पाय पुढे केले होते. म्हणजे उजेडी निघून जायचे त्याच्या मनात कधीच नव्हते. म्हणून तर घोडा पहाटे मागवलेला. तो या गढीतून चालत बाहेर पडलाच नव्हता. त्याला इथे मारले, आणि मारल्यावर उतारावर नेऊन टाकले. तलवार तर दारातच आईच्या स्वाधीन झालेली. पाहुणा निघाला नाही, तर तलवार परत बांधण्याचा प्रसंगच आला नाही. मग ती गाठ?

ती गाठ आईने मेलेल्या माणसाच्या छातीवर बांधली होती.

 पण त्या भयाच्या तळाशी एक विचार चमकला, आणि तो विचार त्याने बुडणाऱ्याने फांदी धरावी तसा धरला. ही थाप रचली कुणी? ज्याला पाण्याचा अर्थ ठाऊक नाही, त्याने. 'उजेडीच निघाला' म्हणणारा ड्रोगो, आणि त्याच दमात पाय धुतल्याचे कौतुक सांगणारी हॅविस. वॉरिन असता तर ही चूक झाली नसती. तो त्याच बाकावर वाढला होता, त्यानेही टाळ्या पिटल्या होत्या. आणि वॉरिन तर त्या दिवशी हेरफर्डला, आपल्यासमोर बसून बदकाची तंगडी सोलत होता.

भावाच्या गैरहजेरीत, भावाच्या घरात, इतरांनी केलेले पाप. कार्सेलचे रक्त निर्मळ होते. एक किल्लेदार आणि एक परगावची सून.

पायऱ्या चढताना पाय हलके झाले आहेत, हे त्याला जाणवले. आणि कोठारात माशांच्या वासात बसलेल्या माणसाचा आपण क्षणभर विसरच पडू दिला, हेही.

५

वॉरिन ससाण्यांच्या खोलीत होता. मनगटावरच्या पक्ष्याला तो कबुतराच्या काळजाचे तुकडे भरवत होता. धिप्पाड, शांत, वडिलांसारखाच भुवयांना पांढरा झालेला. पायनला पाहताच त्याने ओठांवर बोट ठेवले, पक्षी बुजेल.

"दादा," पायन खालच्या आवाजात म्हणाला, "तुझ्या पाठीमागं तुझ्या घरात खून झालाय. रिद्देर्खनं काही केलेलं नाही. ड्रोगोनं केलंय, आणि वहिनीला ते माहीत आहे."

"ती म्हणाली तसं?"

"म्हणाली नाही. पण बोलण्याच्या ओघात एक गोष्ट सांगून बसली, आणि सगळं उघडं पडलं."

"पाय धुतल्याचं बोलली वाटतं," वॉरिन पुटपुटला. त्याचे लक्ष ससाण्याच्या चोचीकडे होते. "तरी बजावलं होतं."

पक्ष्याने तुकडा गिळला. पायांचा शब्ददेखील पायनने काढलेला नव्हता.

दोघांनाही ते एकाच वेळी समजले. वॉरिनने हळूच मान वळवून भावाकडे पाहिले. मग पक्ष्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवली आणि त्याला दांडीवर ठेवले.

"तू हेरफर्डला होतास," पायन म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला कुणा विद्यार्थ्यासारखा वाटला.

"म्हणूनच होतो. बिशपच्या माणसाच्या मेजावर जेवलो, हे सांगायला बरं पडतं."

"आणि तो आला कसा? ड्रोगोवर त्याचा विश्वास नव्हता, तुझ्यावर तर नव्हताच."

"आईचा निरोप गेला म्हणून आला. मीच तिला म्हणालो, पोराला बोलाव, मी परत आलो की समेट करू. किती खूश झाली होती." त्याने हात पुसले. "तिनं मनापासून बोलावलं. खोटं असतं तर त्यानं ओळखलं असतं."

"तिच्या हातांनी धुतलेले पाय होते ते, दादा."

"मला माहीत आहे काय होतं ते!" पहिल्यांदाच आवाज चढला, ससाणा फडफडला. "मलाच सांगतोस? पलीकडं दरसाल किती गोठे जळतात, किती माणसं मरतात, ते पॅरिसला मोजायला येतं का? एक मेला, एक फासावर जाईल, पुढची वीस वर्षं खोरं शांत राहील. बाबांनी याहून वाईट केलं होतं, आणि त्यांच्या नावानं तू रोज प्रार्थना म्हणतोस."

"परवा मी खरं सांगेन."

"सांग की." वॉरिन जवळ आला. त्याच्या अंगाला पिसांचा आणि रक्ताचा वास होता. "कशात सांगशील? आपल्या फ्रेंचमध्ये? सीमेच्या दिवशी प्रत्येक काठ फक्त स्वतःच्याच भाषेतलं ऐकतो. परक्या भाषेतलं कानावर पडलं तरी धरत नाहीत. तुझं बोलणं तिकडं पोचवणार तो दुभाषा, आणि दुभाषा माझं खातो. तू काहीही म्हण, त्याच्या तोंडून रिद्देर्खचंच नाव निघेल. आणि त्यांच्या भाषेत स्वतः बोलायचं म्हणशील, तर ती तू कधीच टाकून दिलीस." तो थांबला. मग जवळजवळ मायेने म्हणाला, "तुला का बोलावलं, वाटलं तुला? शहाणा म्हणून? अंजू, पायन. पॅरिसहून आलेल्या एका पाद्र्यानं मला विचारलं होतं, तुमच्या मातोश्री अंजूच्या ना? मी हो म्हणालो. तुझी लाज राखली मी. आता तू घराची लाज राख."

६

आईच्या दारात तो पुष्कळ वेळ उभा राहिला. चाती थांबली, तेव्हा आत गेला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"तो गेल्यावर तू त्याला तलवार बांधलीस," तो म्हणाला. "ड्रोगोच्या माणसांनी बांधू दिली, कारण त्यांना वाटलं, प्रेत वाटसरूसारखं दिसायला बरंच आहे."

तिने होकारार्थी मान हलवली.

"मला कळावं म्हणून?"

ती बोलली तेव्हा तिच्या भाषेत बोलली. हळू, तुटक, आणि नवल असे की त्याला ते कळले, जसे झोपेत पाऊस पडतो आहे हे कळते. "वॉरिनला मी अंगावर पाजलंय. त्याच्याविरुद्ध माझं तोंड उघडणार नाही. दोन्हीकडची लाज माझीच आहे, बाळ, ती कुठं ठेवू? तुझ्या बोटांवर ठेवली."

"मला बोलता येत नाही, आई. तुझ्या भाषेत. लहानपणचेच शब्द उरलेत."

 तिने चाती उचलली. पण धागा तुटत राहिला.

सीमेच्या दिवशी धुके उशिरा वर गेले. दोन्ही काठांवर माणसे दाटली होती, भाले खाली टेकवून, रीतीप्रमाणे गप्प. ॲशच्या झाडाखाली रिद्देर्ख, हात मागे बांधलेला, शेजारी ड्रोगो. वॉरिन घोड्यावर. बायका मागे, चढावर, त्यांत ह्युनिद. पलीकडे पांढऱ्या दाढीचे म्हातारे आणि केदिवोरची विधवा, केस मोकळे सोडलेली.

दुभाषा घसा साफ करून पुढे सरकला. पायनने त्याच्या छातीवर तळहात ठेवून त्याला बाजूला केले आणि तो पाण्यात शिरला. झग्याचा घेर भिजून जड झाला. उताराच्या मध्यावर तो थांबला, आणि त्याने वेल्शमध्ये तोंड उघडले.

ती एका मोठ्या माणसाची भाषा नव्हती. बिशपच्या दरबारात वाक्यांचे मनोरे उभारणारा हा माणूस चुलीजवळ बसलेल्या पाच-सहा वर्षांच्या मुलासारखा बोलत होता. त्याच्याजवळ तेवढेच शब्द होते.

"रिद्देर्ख चांगला. रिद्देर्खनं नाही केलं," तो म्हणाला. पलीकडे कुणीतरी फिसकन हसले आणि गप्प झाले. "केदिवोर आमच्या घरी आला. आईनं पाय धुतले. तो झोपणार होता. आमच्या घरी. माझ्या दादानं सांगितलं, आणि त्याला मारलं."

म्हाताऱ्यांमध्ये कुजबुज झाली. एक जण पाण्याच्या कडेला आला आणि लहान मुलाशी बोलावे तसा, सावकाश, शब्द सुटा करत म्हणाला, "मारलं कसं? भांडणात मारलं असेल, तर ते वैर. वैराची भरपाई असते. कसं मारलं, ते म्हण."

पायनने तोंड उघडले, आणि त्याला समजले की तो शब्द आपल्याजवळ नाही. मुलांना तो कुणी शिकवत नाही. लॅटिनमध्ये त्याला त्याचे चार पर्याय ठाऊक होते, फ्रेंचमध्ये तीन. इथे, जिथे त्या एका शब्दावाचून एक निरपराध गळा अडकला होता, तिथे त्याच्या जिभेवर काहीच नव्हते. "वाईट," तो म्हणाला. "फार वाईट. लपून." त्याचे डोळे भरून आले. सबंध मुलुखासमोर तो पाण्यात उभा होता, आणि त्याची लाज कुठल्याही भाषेत झाकली जात नव्हती. वॉरिन घोड्यावरून शांतपणे पाहत होता. दुभाषाने मदतीला यावे तसे एक पाऊल पुढे टाकले.

"कन्लुइन."

चढावरून आलेला तो आवाज फार मोठा नव्हता. पायनने वळून पाहिले. ह्युनिद जमिनीकडे पाहत होती.

पाहुण्याला विश्वासात घेऊन, दबा धरून, पाठीमागून केलेला घात: एवढे सगळे त्या एका शब्दात होते, आणि अशा घाताला भरपाई नसे. पायनने तो म्हणून पाहिला आणि तो चुकला. मधला उच्चार, जो जीभ टाळ्याला लावून गालातून वारा सोडत करायचा असतो, तो त्याच्या शिकलेल्या तोंडाला वळेना.

"कन्लुइन," आई पुन्हा म्हणाली. या वेळी मोठ्याने, दोन्ही काठांना ऐकू जाईल असे. आणि वॉरिनने डोळे मिटून घेतले.

"कन्लुइन," पायन म्हणाला.

पलीकडे कुणी ओरडले नाही, भाला उचलला नाही. तो म्हातारा फक्त मागे फिरला आणि केदिवोरच्या विधवेपाशी जाऊन उभा राहिला. मग पलीकडची सगळी माणसे, एकामागून एक, कार्सेलच्या काठाकडे पाठ करून उभी राहिली. जसे एखाद्या घरात साथ शिरली की शेजारी दार लावून घेतात. रिद्देर्खच्या दोऱ्या ड्रोगोला स्वतःच्या हातांनी कापाव्या लागल्या. सुटलेला रिद्देर्ख पायनच्या शेजारून उतार ओलांडून गेला. जाताना तो थांबला नाही. पण त्याने वाट थोडी वाकडी केली, पायनच्या अंगावर पाणी उडू नये म्हणून.

अलीकडच्या काठावर घोडी वळू लागली होती. हॅविस रडत होती. पायन मात्र अजून पाण्यातच होता, आईकडे तोंड करून, पाठ बरोबर झाला का हे विचारणाऱ्या मुलासारखा.

तिने मान वर केली नाही.